टाकीतला तडका

लग्नकार्यात कोणी मला विचारलं, "भाऊ, आपण काय करता?" तर माझ्या आधी माझी बायको उत्तर द्यायची, "ते केमिकल लाइनमध्ये आहेत." समोरचा माणूस जरा सावरून बसायचा. मी गप्प राहायचो. जबलपुरात तीस वर्षं मी लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारली. पाठीवर टाकी, हातात नळी, तोंडावर आधी फडकं आणि नंतर मास्क. बायकोचं बोलणं खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आमच्या धंद्यात बरंचसं बोलणं याच जातीचं असतं.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी मला कीटकनाशकांबद्दल माहितीपर लिहायला सांगितलं आहे, तेव्हा माहिती आधी उरकून घेतो. आमच्याकडे सगळ्याला 'दवाई' म्हणतात. ढेकणाची दवाई, झुरळाची दवाई. जणू ढेकणाला ताप आला आहे आणि आम्ही त्याला बरं करायला निघालो आहोत. पण या दवायांची कुळं वेगळी आणि स्वभावही वेगळे. सगळ्यांत जुनं कुळ डीडीटीचं, क्लोरीनवालं. मी लहान असताना मलेरियावाले क्वार्टरच्या भिंतींवर ते मारून जायचे आणि पांढरे डाग कितीतरी दिवस राहायचे. हे औषध लवकर विरत नाही. मातीत राहतं, पाण्यातून माशात जातं, माशातून आपल्या चरबीत. चिकट पाहुण्यासारखं, जायचं नावच घेत नाही. म्हणून शेतांतून आणि घरांतून त्याला निरोप मिळाला.

दुसरं कुळ फॉस्फरसवालं. मॅलेथिऑन, क्लोरपायरिफॉस, डायक्लोरवॉस ही त्यातली मंडळी. शरीरात एका नसेकडून पुढे निरोप जातो आणि काम झालं की तो निरोप पुसून टाकणारं एक द्रव्य असतं. हे औषध त्या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवतं. दारावरच्या घंटीचं बटण आत अडकावं आणि घंटी वाजतच राहावी, तसं किड्याचं होतं. थरथरतो, उताणा पडतो, मरतो. अडचण एवढीच की तीच घंटी माणसाच्याही अंगात आहे. कार्बामेट म्हणून एक कुळ आहे, ते यांचं चुलत भावंड. तेही हेच करतं, पण त्याची पकड लवकर सुटते.

तिसरं कुळ पायरेथ्रॉइड. शेवंतीच्या नात्यातलं एक फूल आहे, त्याच्या अर्काने किडे मरतात हे लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. त्या अर्काची कारखान्यात केलेली नक्कल म्हणजे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन वगैरे. माणसाचं शरीर ते चटकन मोडून काढतं, किड्याला ते जमत नाही. माशांना आणि मांजरांना मात्र सोसत नाही, म्हणून घरात फिशटँक दिसला की मी आधी त्याची मोटर बंद करून तो झाकायला लावायचो. शिवाय वाळवीसाठी इमिडाक्लोप्रिड आलं, जे जमिनीत आहे हे वाळवीला कळतच नाही. झुरळांसाठी जेल आलं. कपाटामागे मोहरीएवढे ठिपके लावायचे, झुरळ ते खाऊन घरी जातं, तिथे मरतं, आणि त्याला खाणारे त्याचे नातेवाईकही मरतात. ही सगळी नवी औषधं गुणी. त्यांच्यात दोष एकच होता. त्यांना वास नव्हता.

हा दोष किती मोठा आहे, ते मला घमापुरात कळलं. तिथे एका किराणा दुकानाच्या मालकीणबाई होत्या. मी दुकान आणि मागचं घर नीट फवारून दिलं, कोपरे सोडले नाहीत. बाईंनी दारात उभं राहून दोनदा श्वास ओढला आणि म्हणाल्या, "भैया, बास तो आई नहीं. पानी मार के जा रहे हो क्या?"

मी समजावलं, नवीन दवा आहे, हिला वास नसतो.

"हमारे ससुरजी के टाइम में दवाई वाला आता था तो आँख से पानी आता था. पूरा मोहल्ला जान जाता था कि हमारे यहाँ दवाई हुई है."

झुरळ मेलं की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं असं नाही, पण शेजारणीला कळलं पाहिजे, हे जास्त महत्त्वाचं होतं. मी ज्या कंपनीत कामाला होतो तिथे जाऊन ही हकिकत सांगितली तेव्हा आमचे मालक हसले. त्यांनी कपाटातून एक छोटी बाटली काढली. डायक्लोरवॉस. "टंकी में दो ढक्कन मार दिया करो. तडका है तडका."

तेव्हापासून तडका सुरू झाला. एकटा मीच नव्हतो, शहरातले बरेच जण देत होते. बाटलीवर धोक्याची खूण होती, माणसं राहतात त्या बंद खोलीत मारू नये हे आम्हाला ठाऊक होतं. पण दोन झाकणांनी काय होतं, असं आम्ही म्हणायचो. गिऱ्हाईक नाक मुरडून खूश व्हायचं. बिलावर मात्र डेल्टामेथ्रिन एवढंच लिहायचं, कारण फॉर्मवर तेच छापलेलं होतं.

आणि याच दिवसांत मी लोकांना सुरक्षिततेचे धडे देत फिरत होतो, हे सांगितल्याशिवाय माझी खोड कळायची नाही. सिहोऱ्याला एका बियाण्याच्या व्यापाऱ्याकडे वाळवीच्या कामाला गेलो होतो. दुपारची वेळ, व्यापारी गोदामातच गव्हाच्या पोत्यांना टेकून खाटेवर पडलेले. आत पाऊल टाकलं आणि मला लसणासारखा, जरा सडक्या माशासारखा वास आला. पोत्यांमध्ये गोळ्या ठेवल्या होत्या त्यांनी, धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवतात त्या. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फिन वायू सुटतो, आणि त्यावर उतारा म्हणून काही नाही. मी त्यांना हाताला धरून अक्षरशः बाहेर ओढलं.

"अरे पंडितजी, रोज सोते हैं यहाँ," ते डोकं धरून म्हणाले. मी पंडितजी नाही, पण भाषण देणाऱ्याला तिकडे पंडितजी म्हणतात.

"इसीलिए रोज सिर दुखता है," मी म्हणालो, आणि पुढची पंधरा मिनिटं मी त्यांना त्यांच्याच अंगणात इतकं झापलं की त्यांच्या सुनेने मला पाणी आणून दिलं. परतीच्या बसमध्ये मी स्वतःवर फार खूश होतो. माझ्या पिशवीत तेव्हाही ती छोटी बाटली होती.

आता खमरियाची गोष्ट. मी स्वतः तिथल्या क्वार्टरांत वाढलेला, वडील तिथल्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते, त्यामुळे तिथली घरं म्हणजे माझ्या माहेरची. सुनील रामटेके हा फॅक्टरीत काम करणारा तरुण माणूस दरवर्षी थंडीत मला बोलवायचा. घरात तो, त्याची बायको आणि आई. आई म्हणजे रामटेके काकू, सत्तरीच्या पुढच्या, दमा होता, डोळ्यांत काचबिंदू होता आणि जीभ मात्र ठणठणीत होती. मी गेलो की "जय भीम, डोंगरे भाऊ, आले का आमचे यमदूत" असं म्हणायच्या.

त्या वर्षी काकूंच्या पलंगात ढेकूण झाले होते. सुनीलने मला बाजूला घेऊन सांगितलं, "भाऊ, मागच्या वेळेस आईला वाटलं दवाई हलकी होती. जरा वास राहू द्या, नाहीतर वर्षभर माझं डोकं खाऊन राहते ती."

काकूंनी आतून ऐकलंच. "हाव, वास पाहिजे. वास नाई तर ढेकणाले कसं कळन?"

मी हसलो. सुनीलच्या बायकोने बुद्धाची मूर्ती चादरीने झाकली, भांडी बाहेर नेली. मी अंगणात टाकीत पाणी भरलं, डेल्टामेथ्रिन मोजून घातलं आणि मग दोनच्या जागी चार झाकणं तडका दिला. काकू खूश व्हाव्यात म्हणून. पलंगाच्या फटी, गादीची शिवण, भिंतीच्या कडा, सगळं भिजवलं. जानेवारीचा कडाका होता, खिडक्या बंद होत्या. निघताना म्हणालो, "चार तास कोणी आत जायचं नाही. मग खिडक्या उघडा आणि गादी उन्हात टाका." बिल फाडून दिलं आणि पुढच्या कामाला गेलो.

काकू शेजारी बसल्या होत्या. तासाभराने त्यांना थंडी वाजली, गुडघे दुखले, आणि शेजारणीच्या घरातली गडबड सोसेना. त्या उठून स्वतःच्या घरात आल्या, दार लावलं आणि त्याच गादीवर रजई घेऊन पडल्या. सुनील ड्यूटीवर, सून भाजी आणायला.

दुपारी माझा फोन वाजला तेव्हा मी रांझीला एका ऑफिसात होतो. सुनील होता. "भाऊ, आईला हॉस्पिटलमध्ये आणलं. दम लागून राहिला. डॉक्टर विचारताहेत कोणती दवाई मारली."

आणि मी काय सांगितलं? मी म्हणालो, "बिलावर आहे ना, डेल्टामेथ्रिन. एकदम साधी. काही होत नाही तिने. दम्याचाच अटॅक असेल."

"अच्छा, बरं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

हे वाक्य मी किती सहज बोललो, याची आजही लाज वाटते. दवाईबद्दल त्यात एक शब्दही चुकीचा नव्हता. दवाई डेल्टामेथ्रिनच होती, साधीच होती. फक्त तिच्यात चार झाकणं दुसरं काही होतं, जे मी सांगितलं नाही. मी पुन्हा नळी हातात घेतली आणि एक खोली फवारली, खरंच फवारली. मग माझ्या डोक्यात आलं की डॉक्टर आता दम्याचं औषध देत राहतील. घंटीचं अडकलेलं बटण त्यांना कोणी दाखवणार नाही. ते माहीत असलेला माणूस या शहरात एकच आहे आणि तो इथे टेबलाखाली झुरळं शोधतो आहे.

सुनीलला परत फोन लावला, तो उचलेना. टाकी तिथेच ठेवून मी स्कूटर काढली. रस्ताभर दोन माणसं माझ्या डोक्यात भांडत होती. एक म्हणत होता, सांगितलंस तर कंपनीचं लायसन्स जाईल, पोलीस येतील, तुझ्या मुलीचं लग्न ठरतंय. दुसरा काही म्हणतच नव्हता, त्याला नुसती काकूंची धाप ऐकू येत होती.

हॉस्पिटलात सुनील दाराशी उभा होता. मला पाहून त्याला बरं वाटलं, हे मला जास्त टोचलं. "भाऊ, तुम्ही कशाला आले? चलो, ठीक आहे, आले ते," असं म्हणून त्याने मला आत नेलं. डॉक्टर तरुण होते. काकूंच्या तोंडातून लाळ येत होती, कपाळ घामाने भिजलं होतं, एवढ्या थंडीत. डॉक्टर नर्सला सांगत होते, "दमे में नब्ज़ भागती है. इनकी धीमी चल रही है. समझ नहीं आ रहा." काकूंच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या, पण काचबिंदूच्या थेंबांनी तशा होतात म्हणून ती खूण कोणी धरली नव्हती.

मी डॉक्टरांना म्हणालो, "साहब, बिल पे जो लिखा है वो अधूरा है. मैंने उसमें डायक्लोरवॉस भी डाला था. बास के लिए. चार ढक्कन."

सुनील माझ्याकडे वळला. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी एकच विचारलं, "पक्का?"

"पक्का. और ये उसी गद्दे पे लेटी थीं."

त्यानंतर मला कोणी काही विचारलं नाही, कारण सगळे धावायला लागले होते. नर्सने काकूंचं लुगडं बदललं, अंग साबणाच्या पाण्याने पुसून काढलं. डॉक्टरांनी अॅट्रोपिन मागवलं. फॉस्फरसवाल्या कुळावरचा हा उतारा. थोडं द्यायचं, छाती ऐकायची, परत द्यायचं, छातीतली घरघर थांबेपर्यंत आणि तोंड कोरडं पडेपर्यंत. एकदा नर्सने काचबिंदूची आठवण करून दिली, कारण या औषधाने डोळ्यांतला दाब वाढू शकतो. डॉक्टर म्हणाले, "आँख बाद में देखेंगे. पहले साँस."

मी बाहेरच्या बाकावर बसलो. सुनील समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "फोनवर काहून नाही सांगितलं?"

"भ्यालो."

त्याने मान फिरवली. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी, बाहेर उजेड होता तेव्हाच, डॉक्टर दारात आले आणि म्हणाले की धोका टळला आहे, पण दोन दिवस ठेवू. सुनील खाली बसला आणि रडला. मीही रडलो, जरा लांब जाऊन, कारण त्याच्या शेजारी बसून रडण्याचा मला हक्क नव्हता. एवढं हलकं मला त्याआधी किंवा त्यानंतर कधी वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. डोळेही वाचले होते.

पोलीस आले नाहीत. सुनीलने तक्रार केली नाही, का केली नाही ते मी विचारलं नाही. मीच मालकांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "किसने कहा था मुँह खोलने को?" मी त्यांची टाकी, नळी आणि ती छोटी बाटली टेबलावर ठेवली आणि घरी आलो. पुढे स्वतःचं छोटं काम सुरू केलं, बिनवासाचं. गिऱ्हाइकं तुटली. घमापुरातल्या बाईंना मी सांगून टाकलं, "दीदी, बास चाहिए तो अगरबत्ती जला लो." त्यांनी मला परत बोलावलं नाही. आता त्या बाटलीतल्या औषधावर देशातच बंदी आली आहे. ती बातमी मी दोनदा वाचली. कायद्याला जे कळलं ते आम्हाला बाटलीवर वाचूनही कळलं नव्हतं, आणि आता कोणाला मोहात पडायची सोयच उरली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

रामटेक्यांकडून फोन येईल असं मला वाटलं नव्हतं. पुढच्या थंडीत आला. सुनील एवढंच म्हणाला, "आई बोलावून राहिली."

मी गेलो. काकू अंगणात उन्हात खुर्ची टाकून बसल्या होत्या. जय भीम केलं, पण यमदूत म्हणाल्या नाहीत. मी नळाखाली टाकी भरायला घेतली. त्यांना दूरचं नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ आणली.

"काय टाकून राहिले?"

"डेल्टामेथ्रिन, काकू."

"किती?"

मी माप सांगितलं.

"अजून काय?"

"अजून काही नाही."

त्यांनी टाकीत वाकून वास घेतला. वास नव्हता. मग माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. तीस वर्षांत लोकांनी माझ्या कामाची परीक्षा नाकाने केली होती, तोंडाकडे पाहून कोणी केली नव्हती.

"नक्की?"

"नक्की, काकू."

"मग मारा," त्या म्हणाल्या, आणि सुनेला हाक मारून खिडक्या उघड्या ठेवायला सांगितल्या.